हरभऱ्याची टरफलं आणि मयेकर मास्तर

मयेकर मास्तरांसमोर पाणी पिणं म्हणजे एक दिव्यच असे. पेला तोंडाला लावायच्या आत ते तो आपल्या हातून काढून घेत, उजेडाकडे धरत, एक डोळा बारीक करत, जिभेच्या टोकाला थेंबभर लावत आणि मग परत देत. "प्या आता." तोवर आपली तहान कुठल्या कुठे पळालेली असे. त्यांच्या खाकी कोटाच्या उजव्या खिशात कायम लोखंडाचे चकचकीत घासलेले खिळे असत. पाण्यात तांबं आहे अशी शंका आली की खिळा टाकून ठेवायचा. खिळ्यावर गंजाहून वेगळं, चकचकीत लालसर पुट चढलं तर तांबं आहे, खिळा तसाच राहिला तर नाही. त्यांच्या पहिल्या दिवाळीला कारखान्यातल्या पोरांनी त्यांना कागदात बांधून खिळेच भेट दिले. त्यांनी गंभीरपणे आभार मानून ते डाव्या खिशात ठेवले.

मालवणकडच्या कुठल्याशा हायस्कुलात ते शास्त्र शिकवत होते. ती नोकरी का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारलं तर ते छत्री उघडत. उन्हाळा असो, हिवाळा असो, छत्री बरोबर असायचीच. पन्नासच्या दशकाचा मध्य उलटून गेला होता. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला एकेक कारखाना उभा राहत होता आणि बाभळींच्या बनात एकेक धुराडं उगवत होतं. आमचा कारखाना त्यांतला अगदी बारका. सायकलच्या घंटा करायचा. घंटेच्या टोपीला आधी तांब्याचा मुलामा द्यायचा, त्यावर निकेलचा. त्या टाक्यांवर देखरेख करायला शास्त्र कळणारा माणूस हवा म्हणून शेठनी मास्तरांना आणलं. मी तिथं स्टोअर सांभाळत होतो. दापोडीहून सायकलवर यायचो आणि आमच्याच कारखान्याची घंटा वाजवत यायचो.

निकेलनं मास्तरांच्या हातांना खाज सुटे. दुपारी जेवण झालं की ते भिंतीला टेकून हातांना खोबरेल तेल चोळत बसत. त्याच वेळी त्यांचा वर्ग भरे. एकदा कुणीतरी चहात साखर ढवळता ढवळता म्हणालं, "विरघळली, गेली." झालं. मास्तरांचा तेलाचा हात वर गेला. एरवी ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, पण हा एक प्रश्न त्यांच्या तोंडून मालवणीतच निघे.

"तां गेलां खंय?"

"कुठं गेलं म्हणजे? चहात."

"मग गेली कशाला म्हणता? दिसत नाही एवढंच म्हणा."

तिथून जे सुरू झालं ते भोंगा होईपर्यंत. साबण संपत नाही, तो मोरीत जातो. मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून पवनेत. लाकूड जळून संपत नाही, धूर आणि राख होऊन राहतं. जगात संपणं नावाची गोष्टच नाही, फक्त जागा बदलते. पोरं हसत. त्यांना मागून 'खंय मास्तर' म्हणत. पण मी पाहिलंय, महिन्याभरात तीच पोरं एकमेकांना विडी मागताना विचारायची, "काल दिलेली गेली खंय?" मास्तरांना ते ऐकून फार बरं वाटायचं. समजावून सांगणं हे त्या माणसाचं व्यसन होतं. टाक्या धुणाऱ्या पोराला काय किंवा दारावरच्या पहारेकऱ्याला काय, ते सारख्याच मन लावून सांगत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं जे घडलं ते याच माणसाच्या हातून घडलं.

ते राहायचे कारखान्यामागच्या वस्तीत, हौसाबाईंकडे. हौसाबाई चिंचवडच्या जुन्या शेतकऱ्यांपैकी. नवरा गेलेला, मुलगा लष्करात. घरात त्या, गोठ्यात चांदी नावाची म्हैस, आणि कडेच्या खोलीत भाडेकरू मास्तर. चांदीच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. तिच्या दुधावर हौसाबाईंचं घर चाले आणि ताकावर आमची दुपार. मास्तर त्यांना मावशी म्हणत. त्या यांना मास्तरच म्हणत, पण जेवायला वाढताना आवाजात आईपण यायचं.

कारखान्यातलं धुण्याचं पाणी मागच्या चरातून ओढ्याकडे जाई, आणि ओढ्याच्या अलीकडे होती हौसाबाईंची विहीर.

एका सकाळी मास्तर दाढीची वाटी तशीच घेऊन कारखान्यात आले. अर्धा गाल साबणाचा. वाटीतल्या पाण्यात आदल्या दिवसापासून दाढीचं पातं राहिलं होतं, आणि त्या पात्याच्या कडेवर लाली चढली होती. त्यांनी ते मला दाखवलं आणि म्हणाले, "मावशींच्या विहिरीचं पाणी."

त्यानंतर चार-दोन खिळे त्या विहिरीत जाऊन लाल होऊन आले. मास्तर शेठकडे गेले. मी कसलासा कागद सहीला घेऊन तिथंच उभा होतो. शेठ काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी विहिरीचा पेला खिडकीजवळ धरला आणि म्हणाले, "मास्तर, आरशासारखं पाणी आहे हो."

"शेठ, मीठ घातलेलं पाणीसुद्धा आरशासारखंच दिसतं."

"मग काय कारखाना बंद करू?"

"बंद नको. पाणी बाहेर सोडण्याआधी त्यातलं तांबं काढून घेऊ."

"करा. पण कामाच्या वेळात नाही, आणि माझ्याकडं काही मागायचं नाही. पिंपं हवी तर जुनी घ्या."

मास्तर एवढ्यावर खूश होऊन बाहेर आले. पुढचे काही महिने त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडाचा भुसा, चिंचोके, गावाहून मागवलेला नारळाचा काथ्या, बाभळीची साल. जे जे कधीकाळी झाडावर होतं ते ते त्यांनी टाकीच्या निळ्या पाण्यात भिजवून पाहिलं. काथ्यानं पाणी चहासारखं लाल केलं. साल कुजली आणि त्या वासानं हौसाबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शेवटी लागू पडली ती हरभऱ्याची टरफलं. पुण्यातल्या एका डाळीच्या गिरणीत त्यांचे ढीग पडत. मास्तर रविवारी जाऊन पोती आणत. बरणीत टरफलं भरून वरून निळं पाणी ओतायचं आणि खालून थेंब थेंब घ्यायचं. खाली येणारं पाणी बिनरंगी. खिळा टाकला तर तो सासरी नव्यानं आलेल्या भांड्यासारखा लखलखीत राही.

"टरफलाला तांबं चिकटतं," ते मला म्हणाले. "पाण्याला सोडतं आणि टरफलाला धरतं. का धरतं ते मला नीटसं ठाऊक नाही, शिंदे. मी आपला मॅट्रिकपर्यंतचा मास्तर. पण धरतं."

चरावर तीन पिंपं एकाखाली एक बसली. आजूबाजूची पाच-सहा माणसं बघायला जमली. मास्तरांनी शेवटच्या पिंपाखाली पेला धरला, भरला, छत्री काखेत मारली आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. हौसाबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. "आता गं बया, कारखान्याचं पानी प्याले की!" असं म्हणाल्या आणि हसल्या. मास्तरांना मी त्या दिवसाइतकं सुखी कधी पाहिलं नाही.

हळूहळू विहिरीतला खिळा कमी लाल होऊ लागला. हौसाबाई सांगत, चहाची चव परत आली म्हणून.

पण टरफलं किती तांबं धरणार? भरली की ती दमत. मग ती काढून नवी घालावी लागत. काढलेल्या टरफलांचं काय करायचं हेही मास्तरांनी ठरवलं होतं. ती आम्लात धुवायची. तांबं आम्लात उतरतं, ते परत टाकीत ओतायचं, आणि टरफलं पुन्हा पिंपात. हे सांगताना ते उभे राहायचे आणि दोन्ही हातांनी हवेत गोल काढायचे. "तां गेलां खंय? परत टाकीत!" फक्त आम्लाचे बुधले माझ्या स्टोअरात नव्हते, शेठच्या कुलपात होते. मास्तर मागत, आणि शेठ म्हणत, "पुढच्या महिन्यात बघू." असे पुढचे महिने येत गेले. वापरलेली टरफलं गोठ्याच्या पाठीमागे, उकिरड्याला लागून, वाळत पडली. मास्तरांनी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं.

एकदा मी ताक प्यायला गेलो होतो तेव्हा हौसाबाईंनी विचारलं, "मास्तर, ह्ये चुनीचं एवढं कशापायी ठिवलंय वो? जनावराच्या तोंडचं हाय ते."

मास्तर घाईत होते. शेठला गाठायचं होतं त्यांना. चपला घालता घालता म्हणाले, "ते लागणार आहे, मावशी. तुम्हाला कळायचं नाही त्यातलं. हात मात्र लावू नका."

एवढंच. साखर कुठं गेली हे पोरांना भोंगा होईपर्यंत समजावणारा माणूस एवढंच बोलला आणि छत्री घेऊन गेला. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. हौसाबाईंनाही खटकलं नसावं. शिकलेली माणसं असंच बोलतात हे त्यांना ठाऊक होतं.

मग उन्हाळा आला. ओढ्याकाठचं गवत करपलं. कडबा महागला आणि मिळेनासा झाला. चांदी गव्हाणीत तोंड घालायची आणि परत काढायची. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. हौसाबाई बांधाबांधानं फिरून हिरवं काडीकाडी गोळा करत. शेतकऱ्याच्या घरात जनावर उपाशी असलं की माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. हे मी त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलंय. आणि गोठ्याच्या पाठीमागे पोतीच्या पोती चुणी, तीच हरभऱ्याची टरफलं, काट्यात पडून होती.

आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी तिथं पोहोचलो तेव्हा गोठ्यापुढं बायका उभ्या होत्या. चांदी बसली होती, उठत नव्हती. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. खाली मुताची ओल होती, ती काळपट लाल. हौसाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या. नजर लागली असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मास्तर नुकतेच कुठूनसे आले होते. ते आत गेले, चांदीच्या मानेवर हात ठेवला, आणि मग त्यांचं लक्ष गव्हाणीकडं गेलं.

गव्हाणीच्या तळाला थोडा कोंडा उरला होता. त्यांनी तो मुठीत घेतला, उजेडात आले, तळवा पसरला. टरफलं होती. कडांना हिरवट झाक. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि मूठ चुलीत टाकली. मी दारात होतो. जाळाची कड हिरवी झाली, तांबं जळताना होते तशी, मोरपिसासारखी, आणि विझली.

"मावशी," ते परत गोठ्यात येऊन म्हणाले, "हे तुम्ही घातलंत?"

"व्हय." त्या गोंधळल्या होत्या. "पंधरवडा झाला, महिना झाला, काय म्हाईत. म्हशीला काईच न्हवतं. तुमी तर इसरलाच व्हता ते. पर मी तसंच न्हाई घातलं, मास्तर. तीन पान्यानं धुतलं. पानी कसं निवळशंख निगालं, बगितलं म्या. आन् ज्या चुनीनं पानी धुतलं, ज्ये पानी तुमी समद्यांपुढं प्यालात, त्या चुनीत काय वंगाळ आसंल, आसं वाटलं मला."

मास्तर गोठ्याच्या उंबऱ्यावर खाली बसले. पाण्यानं तीनदा धुऊन ते निघणार नव्हतं. पाण्याला ते सोडत नाही हीच तर त्या टरफलांची सगळी करामत होती. पाणी स्वच्छच निघणार. म्हशीच्या पोटात मात्र ते उतरलं होतं. पोटातही आम्लच असतं, आणि आम्लात ते उतरतं, त्यांनीच मला समजावलं होतं तसं. त्यांनी विहिरीतून कणाकणानं काढलेलं तांबं हौसाबाईंनी हातानं धुऊन, उन्हात वाळवून चांदीला भरवलं होतं.

"तुमी सांगितलं न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही. नुसतं म्हणाल्या.

"नाही सांगितलं," मास्तर म्हणाले.

गुरांच्या दवाखान्यातला माणूस आला, त्यानं काहीतरी पाजलं, मान हलवली. चांदी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मास्तरांनी रतीबाच्या घरोघरी जाऊन पोरांचे डोळे उघडून पाहिले, कुणाचे पिवळे तर नाहीत ना म्हणून. कुणाला काही झालं नव्हतं. पण लोकांनी त्यांच्या तोंडावर दारं लावून घेतली. खड्डा खणायला मास्तर स्वतः उतरले. त्यांना कुदळ धरता येत नव्हती आणि कुणी त्यांच्या हातून ती घेतलीही नाही.

आठवड्याच्या आत वस्तीतली चार माणसं शेठकडे आली. त्यांना पिंपं नको होती. शेठनी मास्तरांना बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत, उलट सुटल्यासारखेच दिसले. "बघा मास्तर, माझ्या पाण्यानं कुणी मेलं नव्हतं. तुमच्या औषधानं म्हैस मेली. आता काय बोलू?"

मास्तरांना बोलता आलं असतं. आम्लाचा एक बुधला वेळेवर मिळाला असता तर तो ढीग राहिलाच नसता, हे त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. पिंपं माझ्या स्टोअरात परत आली. चर पुन्हा सरळ ओढ्याकडे वाहू लागला, आणि विहीर होती तिथंच होती.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं. उपाय खरा होता. तीन फुटक्या पिंपांत आणि गिरणीतल्या केरात त्यांनी ते करून दाखवलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. चूक उपायात नव्हती, एका घाईच्या वाक्यात होती. पण वाक्य बाजूला काढून उपाय ठेवा असं मेलेल्या म्हशीपुढं कोण कुणाला सांगणार?

मास्तरांनी खोली सोडली नाही. हौसाबाईंनीही काढलं नाही. पण जेवायचं ताट आता उंबऱ्याशी ठेवलेलं असे. एकदा त्यांनी हौसाबाईंच्या हंड्यात खिळा टाकून ठेवला आणि काही दिवसांनी लाल झालेला काढून दाखवला. "मावशी, हे पाणी पिऊ नका. नदीवरून आणा. मी आणून देतो." हौसाबाईंनी खिळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमचं काई नगं आता." आणि खिळा त्यांच्या हातात परत दिला. तरीही ते रोज सकाळी पवनेवरून एक हंडा आणून ओट्यावर ठेवत. संध्याकाळी तो तसाच भरलेला असे. मग ते तो तुळशीला घालत.

दुपारचा वर्ग बंद पडला. ते खोबरेल तेल चोळत बसत, पोरं आजूबाजूला बसत, पण कुणी कुठं काय गेलं हे विचारत नव्हतं. कुणीतरी एकदा जुन्या सवयीनं "गेली खंय?" म्हणालं आणि जीभ चावली.

पावसाळा संपता संपता मास्तरांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. त्यांची गाडी सकाळची होती, मुंबईकडे जाणारी. तिथून पुढं बोटीनं मालवण. मी कामाला जाताना सायकल चिंचवड स्टेशनाकडं वळवली, त्यांना भेटायला. फलाटावर त्यांची वळकटी होती, ट्रंक होती, छत्री होती, आणि तोंडं शिवलेली तीन पोती. हमाल त्या पोत्यांवरून कुरकुर करत होता. मी पोत्याला हात लावला. आत खरखरलं.

"मास्तर, हे कशाला नेताय?"

"मावशींच्या गोठ्यामागं कसं ठेवू? पुढच्या उन्हाळ्यात दुसरी म्हैस येईल."

"पण घरी नेऊन काय करणार?"

"घरी नाही नेता येत. घरी विहीर आहे. गाय आहे."

"मग वाटेत कुठंतरी घाटात टाका. रान आहे तिथं."

"घाटातलं पाणी खाली कुणीतरी पितंच ना, शिंदे?"

"जाळून टाका."

"राख उरते."

"बोटीतून समुद्रात सोडा मग. केवढा समुद्र."

"आमची माणसं मासे धरतात तिथं," ते म्हणाले.

गाडी आली. हमालानं आणि मी मिळून पोती चढवली. आत जागा नव्हती म्हणून ती दारातच राहिली, आणि मास्तर त्यांतल्या एकावर बसले, छत्री गुडघ्यांत धरून. हातांवरची निकेलची खाज अजून तशीच होती. सोलवटलेली, लाल. शिट्टी झाली. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी मला अहो-जाहो करणारा तो माणूस आपल्या गावच्या भाषेत, हळू आवाजात, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखा म्हणाला:

"खंय ठेवू, सांग?"

गाडी हलली. मी काही अंतर बरोबर चाललो. ते माझ्याकडेच बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून. फलाट संपला तेव्हा मी थांबलो.